एस्प्लनेड मॅन्शन : एका कापडवाल्याच्या लोखंडी वाड्याची कथा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आपणही चार पाने लिहावीत, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षे गादीवर बसून थान मोजण्यात आणि वह्यांचा मेळ घालण्यात गेलेली. इतिहास हा माझ्या अभ्यासाचा विषय नव्हे. वाणिज्य शाखेच्या पदवीत जो आर्थिक इतिहास शिकविला गेला, तेवढीच काय ती शिदोरी. तरीही एका वास्तूची कथा बरीच वर्षे माझ्या मनात घर करून आहे. ती वास्तू नांदेडची नाही, लातूरचीही नाही. ती मुंबईत काळा घोडा परिसरात उभी आहे. परंतु ती बांधणारा मनुष्य आपल्यासारखाच कापडाचा व्यापारी होता, आणि ज्या कापसाच्या पैशावर त्या काळची मुंबई उभी राहिली तो कापूस आपल्याच बाजूच्या काळ्या मातीतला होता. एवढा धागा मला पुरेसा वाटतो.

या वास्तूचे नाव एस्प्लनेड मॅन्शन. तिचे मूळ नाव वॉटसन्स एस्प्लनेड हॉटेल.

मी ती प्रथम पाहिली ती १९८०च्या सुमारास, पूज्य वडिलांसोबत. त्या काळी आम्हां नांदेडकरांना मुंबईस जायचे म्हणजे मीटर गेजच्या गाडीने मनमाड गाठायचे आणि तेथे ब्रॉड गेजची गाडी पकडायची. बोजे उतरवून घ्यायचे, हमालाशी घासाघीस करायची, आणि पहाटेच्या थंडीत फलाटावर चहा घेत बसायचे. मुंबईत मूळजी जेठा मार्केट, मंगलदास मार्केट एवढेच आमचे जग. पण त्या खेपेस एका अडत्याने आमच्या मालाचे पैसे अडकविले होते आणि प्रकरण कोर्टात गेले होते. आमच्या वकिलांची बैठक एस्प्लनेड मॅन्शनमध्ये होती. कोर्ट जवळच असल्याने कितीतरी वकिलांनी तेथे छोट्या छोट्या खोल्या घेतल्या होत्या. आत शिरताच पानाच्या पिचकाऱ्यांनी रंगलेला जिना, डोक्यावर लोंबणाऱ्या विजेच्या तारा, प्लायवूडच्या भिंती घालून एका खोलीच्या केलेल्या चार-चार खोल्या, आणि सर्वत्र टंकलेखन यंत्रांचा खडखडाट. वडील म्हणाले, "इमारत कुणा मोठ्या माणसाची होती रे. कठडा बघ." मी पाहिले. ओतीव लोखंडाच्या कठड्याच्या नक्षीत एक इंग्रजी अक्षर गुंफलेले होते, 'डब्ल्यू'. हा डब्ल्यू म्हणजे कोण, हे मला पुढे पुष्कळ वर्षांनी कळले.

जॉन वॉटसन हा इंग्लंडच्या उत्तरेकडील कम्बरलँडचा रहिवासी. मुंबईच्या किल्ल्यात त्याचा कापडाचा आणि शिवणकामाचा व्यवसाय होता. इंग्रज साहेबांना आणि मडमांना लागणारे कापड व तयार कपडे तो विकत असे. धंदा भरभराटीस आला तो अगदी नेमक्या काळात. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा बहुतांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून येत असे. तो बंद पडला आणि सगळ्या नजरा मुंबई बंदराकडे वळल्या. वऱ्हाड तर १८५३ पासूनच निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला होता. तेथला, खानदेशातला, गुजरातेतला कापूस सोन्याच्या भावाने विकला जाऊ लागला. १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ मध्ये थळघाट रेल्वेने पार केला, आणि बैलांच्या पाठीवरून येणारा माल गाडीतून येऊ लागला. आपल्या भागातील शेतकऱ्याच्या पदरात त्यातले किती पडले असेल, याचा अंदाज ज्याने कधी कापसाची अडत केली आहे त्यास सांगणे नको.

याच काळात गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडले. तटाबाहेरचे मोकळे मैदान म्हणजे एस्प्लनेड. त्या मैदानालगतच्या जागा विक्रीस निघाल्या, आणि वॉटसनने त्यांतली एक मोक्याची जागा घेतली. त्याचा मूळ विचार हॉटेलचा नव्हताच. त्याला तेथे आपल्या कापडाच्या व्यवसायाचे कार्यालय आणि भव्य दालन उभारायचे होते. एका कापड दुकानदाराने पाच मजली दालनाचे स्वप्न पाहावे, यावरूनच त्या दिवसांत मुंबईत पैसा कसा वाहत होता याची कल्पना यावी.

येथे आपल्या समाजातील एका थोर पुरुषाचे स्मरण केल्यावाचून पुढे जाता येत नाही. सुरतचे प्रेमचंद रायचंद (१८३१–१९०६) हे त्या काळी मुंबईच्या कापूसबाजाराचे आणि शेअरबाजाराचे अनभिषिक्त राजे होते. त्यांच्या शब्दावर भाव चढत आणि उतरत. समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअरांवर सट्टा सुरू झाला, गल्लीबोळात बँका उघडल्या. १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ रोजी, सौद्यांच्या पूर्ततेच्या दिवशी, सारा डोलारा जमीनदोस्त झाला. बँक ऑफ बॉम्बेही पुढे बुडाली. प्रेमचंदजींचेही प्रचंड नुकसान झाले. परंतु त्यांनी मुंबई विद्यापीठास दिलेल्या दानातून जो मनोरा उभा राहिला, तो १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर, आपल्या मातोश्रींच्या नावाने. मातोश्रींची दृष्टी गेलेली, सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा त्यांचा नियम, तेव्हा घड्याळाच्या ठोक्यांवरून त्यांना वेळ कळावी म्हणून हा मनोरा, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. वॉटसनच्या इमारतीपासून हा मनोरा अगदी जवळ, हाकेच्या अंतरावर म्हणावा असा. दोघेही एकाच लाटेवर स्वार झालेले व्यापारी.

वॉटसनने मात्र मंदीतही आपले बांधकाम सोडले नाही. योजना बदलली आणि दालनाचे हॉटेल झाले. आराखडा केला रोलँड मेसन ऑर्डिश या स्थापत्य अभियंत्याने. १८५१ सालच्या लंडनच्या प्रसिद्ध क्रिस्टल पॅलेसच्या कामात त्याचा सहभाग होता. लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाचे अवाढव्य लोखंडी छत आणि थेम्सवरील आल्बर्ट पूल यांच्याशीही त्याचे नाव जोडलेले आहे. इमारतीचे खांब, तुळया, कठडे असे सारे लोखंडी भाग इंग्लंडमध्ये ओतून, घडवून जहाजाने मुंबईस आणले गेले आणि १८६७ ते १८६९ या काळात येथे जुळवून उभे केले गेले. सुवेझ कालवा नोव्हेंबर १८६९ मध्ये खुला झाला, हे लक्षात घेतले म्हणजे त्यातील गंमत कळते. हे सगळे वजनदार लोखंड आफ्रिकेला पूर्ण वळसा घालून आलेले होते. एखादा खांब चुकीच्या मापाचा निघाला असता तर दुसरा मागवण्यास किती महिने लागले असते, हा विचार माझ्यासारख्या माल मागविणाऱ्या माणसाच्या मनात आल्याशिवाय राहत नाही.

या बांधणीचे वैशिष्ट्य असे की इमारतीचा भार भिंती वाहत नाहीत. तो लोखंडी सांगाडा वाहतो. भिंती केवळ मधल्या जागा भरण्यापुरत्या. पुढे जगभर ज्या उंच इमारती झाल्या त्यांचे तत्त्व हेच आहे, म्हणून तज्ज्ञ मंडळी या वास्तूस फार मोल देतात. मला मात्र ते वाचताना आपल्याकडचे जुने माळवदाचे घर आठवले. आपल्या वाड्यांतही सागवानी खांब आणि त्यावरच्या तुळया माळवदाचा भार घेतात आणि दगडामातीची भिंत कडेने उभी असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-धाराशिव भागातील हजारो माणसे गेली, ती बव्हंशी त्या जाड दगडी भिंती आणि माळवदावरची माती अंगावर येऊन. आम्ही काही व्यापारी मंडळी कपडे व चादरी घेऊन तिकडे गेलो होतो. कित्येक ठिकाणी भिंती पूर्ण ढासळलेल्या आणि लाकडी खांब मात्र तसेच उभे, असे दृश्य मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. सांगाडा सहसा माणसाला मारत नाही. त्याच्याभोवती आपण वर्षानुवर्षे जे लिंपत जातो, ते मारते.

असो. ४ फेब्रुवारी १८७१ रोजी हॉटेल सुरू झाले. पाच मजले, १३० खोल्या, प्रत्येक मजल्यावर रुंद सज्जे, मध्यभागी काचेच्या छताखाली मोठे नृत्यगृह. दुरून पाहणाऱ्यास ती प्रचंड पिंजऱ्यासारखी भासे, आणि तशी उपमा त्या काळी दिलीही गेली. उपाहारगृहात वाढण्यासाठी थेट इंग्लंडहून आणलेल्या मुली होत्या. "वॉटसनने इंग्लंडची हवाही सोबत आणली असती तर बरे झाले असते," असा विनोद तेव्हाच्या मुंबईत प्रचलित होता म्हणतात. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन १८९६ च्या आरंभी येथे उतरला होता, आणि सज्ज्यावर बसणाऱ्या मुंबईच्या कावळ्यांविषयी त्याने आपल्या प्रवासवर्णनात मोठ्या खुमासदारपणे लिहिले आहे.

त्याच वर्षी या हॉटेलात अशी एक घटना घडली, जिच्यामुळे वॉटसनचे नाव भारताच्या इतिहासात कायमचे कोरले गेले. ७ जुलै १८९६ रोजी फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या सिनेमॅटोग्राफचा भारतातील पहिला खेळ येथे झाला. प्रवेशमूल्य एक रुपया. भिंतीवरच्या चित्रातील आगगाडी चालू लागली, कारखान्यातून कामगार बाहेर पडू लागले. आठवडाभरात हे खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात हलविण्यात आले. ते पाहून प्रभावित झालेले एक मराठी छायाचित्रकार, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा, यांनी परदेशातून कॅमेरा मागवून १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रण केले. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला १९१३ मध्ये. त्याच्या आधीची ही पायरी. ज्या मजल्यावर मी वडिलांसोबत बाकावर बसून वकिलांची वाट पाहिली, त्याच छपराखाली हे सारे घडले होते, आणि आम्हांला त्याची वार्ताही नव्हती. आमच्या डोक्यात फक्त अडकलेले पैसे.

जमशेटजी टाटांना या हॉटेलात प्रवेश नाकारला गेला आणि त्या अपमानातून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले, ही गोष्ट सर्वांनी ऐकलेली आहे. तीस ठोस पुरावा नाही, असे अनेक अभ्यासक सांगतात, आणि मलाही ती पटत नाही. गोऱ्यांच्या हॉटेलात हिंदी माणसाला मान नव्हता हे खरेच. परंतु जमशेटजी हे मूळचे कापसाचे आणि गिरणीचे व्यापारी. १ जानेवारी १८७७ रोजी त्यांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली ती पूर्ण हिशेब करून. असा मनुष्य रागाच्या भरात हॉटेल बांधत नाही. मुंबईस चांगल्या हॉटेलाची गरज आहे हे त्यांनी ओळखले आणि १६ डिसेंबर १९०३ रोजी ताज सुरू झाले. गिऱ्हाईक नव्या दुकानाकडे वळले, एवढेच झाले. समोर नवे दुकान लागले की जुन्या दुकानाचे काय होते, हे आपणांस कुणी शिकवायला नको.

वॉटसनचे हॉटेल उताराला लागले, आणि यथावकाश बंदही झाले. त्याच्या खोल्या कार्यालयांना आणि कुटुंबांना भाड्याने दिल्या गेल्या. रुंद सज्जे भिंती घालून बंद झाले, मजल्यांत पोटमाळे निघाले, आणि ज्या चौकात नृत्य होत असे तेथे अडगळ साठली. १९६५ मध्ये रस्त्यावरील सातव्या एडवर्डचा काळ्या घोड्यावरील पुतळा हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला गेला. घोडा गेला तरी परिसराचे नाव काळा घोडाच राहिले. २०१७ मध्ये तेथे स्वाराशिवायचा नवा घोडा उभा केला आहे.

आता या कथेतील खरी मेख. ही वास्तू युद्धाने पडली नाही, भूकंपानेही नाही. ती भाड्याच्या हिशेबात अडकली. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. हेतू अत्यंत चांगला होता; फाळणीनंतरच्या दिवसांत गरीब भाडेकरू रस्त्यावर येऊ नये हा. पण पुढे पन्नास वर्षे महागाई वाढत गेली आणि भाडे जागच्या जागी राहिले. मालक म्हणे, एवढ्या भाड्यात चुन्याचा हातही मारता येत नाही. भाडेकरू म्हणे, इमारत मालकाची, दुरुस्ती त्याने करावी. शासनाने उपकर लावून दुरुस्ती मंडळ काढले, तर मंडळ म्हणे, अशा लोखंडी वास्तूचा खर्च आमच्या ठरीव मर्यादेत बसत नाही. तिघांचेही म्हणणे कागदावर बरोबर. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्रभर नवा भाडे नियंत्रण कायदा लागू झाला आणि वर्षाला चार टक्के वाढीची मुभा मिळाली. परंतु चार टक्के कशावर? पन्नास रुपयांवर चार टक्के म्हणजे दोन रुपये.

जून २००५ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या आंतरराष्ट्रीय संस्थेने जगातील सर्वाधिक धोक्यात असलेल्या शंभर वास्तूंच्या यादीत वॉटसनच्या हॉटेलास स्थान दिले. यादी जाहीर होऊन फार दिवस झाले नाहीत तोच, १ जुलै २००५ रोजी, इमारतीच्या दर्शनी भागातील सज्ज्याचा काही भाग कोसळला. एक मनुष्य प्राणास मुकला, काही जखमी झाले. प्रेमचंदजींच्या काळातील बाजार बुडाला तोही १ जुलैच. हा निव्वळ योगायोग. मी त्यात अधिक काही वाचत नाही.

२०१८ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको वास्तुसमूहास युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले आणि ही वास्तू त्या परिसरात मोडते. म्हणजे एका बाजूस जागतिक सन्मान, आणि दुसऱ्या बाजूस महापालिका व म्हाडाच्या धोक्याच्या नोटिसा. २०१९ मध्ये उच्च न्यायालयासमोर प्रकरण गेले. मुंबईच्या आयआयटीच्या तपासणीत इमारत दुरुस्तीपलीकडे गेली आहे, ती पाडावी, असा निष्कर्ष निघाला. वारसा जतन करणाऱ्या तज्ज्ञांनी त्यास हरकत घेतली. सांगाडा अद्याप जगवता येण्यासारखा आहे, असे त्यांचे मत पडले. वाद चालू असतानाच भाडेकरूंना बाहेर काढून वास्तू रिकामी करण्यात आली. कित्येक वर्षे तेथेच वकिली करणारे, दुकान चालविणारे लोक आपली कपाटे आणि नावाच्या पाट्या घेऊन खाली उतरले.

त्यानंतर मी एकदा मुद्दाम तेथे गेलो. मार्केटमधील काम दुपारीच आटोपले होते. समोर डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या ओट्यावर विद्यार्थी बसलेले, जहांगीर कलादालनाबाहेर चित्रकार, आणि या बाजूस हे पाच मजली लोखंड, आत एकही दिवा नाही. वडिलांनी दाखविलेले ते अक्षर मी कठड्यांत शोधू लागलो. थोड्या वेळाने सापडले; गंजलेले, पण वाचता येण्याजोगे. पहारेकऱ्याने विचारले, "कोणाला शोधताय, काका?" मी म्हटले, "एका कापडवाल्याला." त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती वर्णन करण्यासारखी नाही.

आता एक कबुली द्यायची आहे, आणि ती दिल्यावाचून हा लेख पुरा करणे मला प्रशस्त वाटत नाही. नांदेडच्या जुन्या बाजारातील आमची पेढी भाड्याच्या जागेत आहे. आजोबांनी निजामाच्या राज्यात ती घेतली. उस्मानशाही मिलचे कापड त्या गादीवर विकले गेले. ती मिल बंद पडली, तरी आमची गादी तेथेच आहे. आमच्याकडे मुंबईचा कायदा नव्हता, हैदराबादचा १९५४ चा होता, पण फळ तेच. मी जे भाडे देतो ते सांगण्याची मला लाज वाटते. दुकानातील नोकराच्या चहाचा महिन्याचा खर्च त्याहून अधिक आहे. इमारत मालकाची, दुरुस्ती त्याने करावी, हे वाक्य मी स्वतः त्यांना तीन वेळा ऐकविले आहे. दर पावसाळ्यात वरचे माळवद गळते, दर्शनी बाजूच्या सागवानी खांबाला वाळवी लागली आहे, आणि मी त्यावर नवा रंग देऊन गिऱ्हाईकाची नजर चुकवीत आलो. दसरा-दिवाळीला त्या खांबाखाली बायाबापड्या, लहान मुले गर्दी करून उभी असतात.

मुंबईहून परतल्यावर मी मालकांच्या घरी गेलो. त्यांच्या वडिलांचे आणि माझ्या वडिलांचे बोलणे बंद होते. आमचे निदान नमस्कारापुरते होते. मी त्यांना सांगितले, "भाऊसाहेब, खांब आणि तुळई बदलू. निम्मा खर्च माझा. भाड्याचेही आपण बसून ठरवू, कोर्टाबाहेर." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी आतून जुन्या पावत्यांचे बाड आणले, ज्यात आजोबांच्या मोडी सह्या होत्या, आणि चहा मागविला. लाकूड पाहण्यास आम्ही दोघे सोबतच गेलो. सुताराने खांब ठोकून पाहिला आणि म्हणाला, बाहेरून तीन बोटे पोकळ आहे, गाभा अजून चांगला आहे. दर्शनी भागास टेकू लावले आहेत, आणि सध्या आमची गादी मागच्या खोलीत आहे.